आमच्या टेपचा सा

रेडिओवाले घाईत असतात, हे आमच्या घरातलं जुनं मत. मत दादांचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाशिकरोडच्या कॉलनीत सकाळी रेडिओवर एखादं गाणं लागायचं आणि तेच गाणं आमच्याकडे कॅसेटवर असलं, तर माझी तक्रार ठरलेली असायची. "दादा, हे रेडिओवर चढं का लागतं?" दादा आरशात बघून दाढी करता करता म्हणायचे, "त्यांना घाई राहती पोरी. बातम्या गाठायच्या राहत्यात." मला ते पूर्ण पटलं होतं. दादा कारखान्यात फिटर होते, यंत्रातलं त्यांना कळायचं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

दादांना दुसरा नाद गाण्याचा. गळा बरा नव्हता, पण उत्साह दांडगा होता. कॉलनीतल्या गायन पार्टीत ते कोरसला उभे राहायचे, आणि जयंती जवळ आली की नव्या कॅसेटवरची गाणी ऐकून शब्द उतरवून घ्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यासाठी घरात एक टेपरेकॉर्डर होता. आडवा, पाच बटणांचा, एक बटण तुटलेलं. त्या टेपला आमच्या घरात माणसाइतका मान होता. त्याच्यावर आईने विणलेला रुमाल असायचा आणि तो काढल्याशिवाय बटण दाबलं तर आईची बोलणी खावी लागायची.

व्हायोलिन घरात आलं ते चुकून. देवळाली कॅम्पात फौजी लोकांच्या बदल्या झाल्या की ते सामान विकून जातात. खाट, कूलर, मुलांच्या सायकली, सगळं स्वस्तात मिळतं. दादा कूलर आणायला गेले आणि व्हायोलिन घेऊन आले. सोबत व्हायोलिनवर वाजवलेल्या गाण्यांची एक कॅसेट फुकट मिळाली होती. आईने पेटी उघडून बघितली आणि विचारलं, "उन्हाळ्यात हे वाजवल्यावर वारं येणार का?" दादांचं लक्ष आईकडे नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मी तेव्हा आठवीत होते आणि आधीच गज हातात घेतला होता.

मी त्या कॅसेटवरच शिकले. टेप लावायचा, खुंटी पिळत पिळत तार त्या सुराला आणायची, आणि दोन्ही आवाज एक झाले की डोळे मिटून वाजवत राहायचं. शाळेतून आले की हेच. रुमाल काढून ठेवायचा, वाजवायचं, आई कामावरून यायच्या आत रुमाल परत घालायचा. दोन वर्षांत माझ्या कानात सा असा पक्का बसला की टेप न लावताही मी तारा जुळवायचे आणि मग टेप लावून बघायचे, तर बरोब्बर तोच सूर. दादा शेजारच्यांना बोलावून हे दाखवायचे. शेजारच्यांना त्यात काय विशेष ते कळायचं नाही, पण चहा मिळायचा.

मग दादांनी कॅम्पातलेच एक मास्तर शोधले. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे, हिंदी बोलणारे. मी बसने त्यांच्याकडे जायला लागले. त्यांनी मला पाच रेघांवरचं नोटेशन शिकवलं आणि गज सरळ धरायला लावला, आणि पहिल्याच महिन्यात मला एक गोष्ट सांगितली. "बेटी, तू थोडा नीचे बजाती है." ते स्वतः हार्मोनियमच्या पेटीवर सूर द्यायचे, मी मोकळ्या तारा त्या सुराला जुळवायचे, तिथपर्यंत सगळं ठीक. पण वाजवायला लागले की बोटं आपोआप घसरायची. किंचितच, केसभर, पण घसरायची. मास्तरांनी शेवटी व्हायोलिनच्या गळ्यावर चिकटपट्टीच्या बारीक खुणा केल्या. म्हणाले, "कान को छोड़. निशान पर उँगली रख."

मी ऐकलं. पण मला कुठलंही गाणं खुणांवर बोट ठेवून वाजवताना चढं लागायचं, अगदी रेडिओसारखं. मास्तर खूष व्हायचे आणि माझे दात आंबायचे. व्हायोलिन वाजवणारी मुलगी कानाने नाही तर डोळ्याने वाजवते, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मग टंकलेखन शिक.

नव्वदच्या दशकात मी काय काय वाजवलं त्याची गणती नको. आमच्या गायन पार्टीत वाजवलं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. तिथे माझ्या डाव्या बाजूला ड्रम आणि उजव्या बाजूला नवरदेवाचे मित्र, त्यामुळे सूर केसभर खाली होता का वर, हे विचारणारं कुणी नव्हतं. शाळांच्या गॅदरिंगची गाणी बसवली. त्यातून मला अरेंजरचं काम जमायला लागलं. गाणं एकाने केलेलं असतं. त्यात बासरी कुठे येणार, व्हायोलिन कुठे गप्प बसणार, कोरसने कोणती ओळ उचलायची, हे अरेंजर ठरवतो आणि कागदावर लिहून देतो. मला ते काम फार आवडलं. कागदावर कोणी बेसूर नसतं.

आणि मी स्वतःची गाणी करायला लागले. कुणी मागितली नव्हती. निफाडला मावशीकडे द्राक्षांच्या खळ्यावर बायका घड कात्रीने साफ करताना ज्या एकमेकींच्या खोड्या काढायच्या, त्यावर एक गाणं केलं. कारखान्याच्या पहिल्या पाळीच्या भोंग्यावर एक केलं. आईच्या शिवणयंत्रावर एक, ज्यात तिने टोचून बोललेली वाक्यं जशीच्या तशी आहेत आणि जे तिने कधी पूर्ण ऐकून घेतलं नाही. मी वाजवत वाजवत गायचे. टेपच्या समोर बसून लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं आणि सुरू करायचं. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला की पुन्हा पहिल्यापासून. अशी एक कॅसेट भरली. ती घेऊन मी इंदिरानगरला एका स्टुडिओत गेले.

स्टुडिओ म्हणजे बंगल्याचं गॅरेज. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मध्ये काच, काचेच्या अलीकडे मालक आणि त्यांचा कीबोर्ड. मालक माणूस हुशार. मला ताई म्हणायचे, जरी माझ्याहून मोठे होते. त्यांनी माझी कॅसेट त्यांच्या चांगल्या डेकवर लावली. मला वाटलं गाणं जरा घाईत चाललंय, पण मी मालकांचा चेहरा वाचत होते, त्यामुळे त्याकडे लक्ष गेलं नाही. मालक ऐकता ऐकता कीबोर्डवर बसले आणि माझ्या व्हायोलिनच्या मागे सूर भरायला लागले. काळी दोनची पट्टी, अगदी तंतोतंत. कीबोर्ड आणि कॅसेट अशी मिसळली की मला रडू येईल असं वाटलं. ते म्हणाले, "ताई, सुराला पक्की आहे हो वाजवणारी. उद्याच करू."

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या पलीकडे उभी राहिले. कीबोर्डच्या काळी दोनला तारा जुळवल्या. वाजवायला लागले. गाण्यांच्या नादात खुणांकडे बघायचं राहिलं, कारण स्वतःची गाणी मी कधी खुणा बघून वाजवलीच नव्हती. मालकांनी थांबवलं. "उतरतंय." पुन्हा. "ताई, उतरतंय अजून." मग मी खुणा बघून वाजवलं. सूर बरोबर आला आणि गाणं मेलं. दुपारपर्यंत असंच चाललं. शेवटी मालकांनी हेडफोन काढला, डोळे चोळले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कॅसेटवर कोण वाजवतंय? राग मानू नका. पण त्यांनाच बोलवा ना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मीच वाजवतेय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅसेटकडे. त्या बघण्यातच सगळं होतं. त्यांच्या जागी मी असते तरी मला तसंच वाटलं असतं, कारण कॅसेटवरची बाई सुरात होती आणि समोर उभी असलेली नव्हती. मी व्हायोलिन पेटीत घातलं, पेटीची कडी लावताना बोट चिमटलं, आणि बाहेर पडले. सिटी बसमध्ये मी त्या माणसाला मनातल्या मनात जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण घरी येईपर्यंत रागाची भीती झाली होती. कारण कॅसेट खोटी नव्हती आणि स्टुडिओतला माझा सूरही खोटा नव्हता. दोन्ही मीच. मग याचा अर्थ एकच निघत होता, की घरात एकटी असताना माझा कान शाबूत असतो आणि लोकांसमोर तो मला सोडून जातो. मास्तरांनी हेच सांगितलं होतं, कान को छोड़. आई म्हणाली, "तू घाबरतीस." कॉलनीतल्या पेटीवाल्यांनी सांगितलं, स्टेजची भीती, काहींची जात नाही. सगळ्यांचं एकमत झालं. मला आयुष्यात कुणी घाबरट म्हटलेलं नव्हतं, मी रिक्षावाल्यांशी भांडणारी बाई. पण कान साथ देत नाही त्याला दुसरं काय म्हणणार?

मी लोकांसमोर वाजवणं बंद केलं. अरेंजरचं काम चालू राहिलं, उलट वाढलं. त्याच स्टुडिओतही मी जायचे. मालकांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. मी लिहिलेलं व्हायोलिन वाजवायला दुसरे वादक यायचे. काचेच्या अलीकडे उभं राहून आपल्या ओळी दुसऱ्याच्या गजातून ऐकायच्या, आणि वर त्याला "छान" म्हणायचं. मी म्हणायचे. तो चांगलाच वाजवायचा, आणि मला मात्र ते चढं लागायचं. घरी मात्र मी स्वयंपाकघरात वाजवत राहिले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की थांबायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मी सीडी प्लेअर घेतला. त्यावर पहिल्यांदा काय ऐकायचं हे ठरलेलं होतं. ज्या कॅसेटवर मी शिकले तिची सीडी बाजारात आली होती. मेन रोडच्या एका दुकानातून आणली, लावली, आणि पहिल्याच सुराला माझं डोकं सटकलं. चढी! माझ्या गुरूसारखी ती कॅसेट, आणि या लोकांनी ती पळवत पळवत सीडीवर घातली होती. रेडिओवाल्यांना निदान बातम्या गाठायच्या असतात, यांना कसली घाई होती?

दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेले. पुरावा म्हणून जुनी कॅसेट पर्समध्ये घेतली होती. दुकानदार सिंधी होता, शांत स्वभावाचा, गिऱ्हाइकाला तोडायचं नाही या मताचा.

"ही सीडी चुकीची आहे. जोरात पळते."

"मॅडम, सीडी पळत नाही."

"ही पळते."

त्याने एका प्लेअरवर लावली. मी म्हटलं, बघा. त्याने दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर लावली. मी म्हटलं, बघा. मग त्याने वरच्या फळीवरून सगळ्यात भारी प्लेअर काढला, त्यावरही तेच. मी विजयाने पर्स उघडली आणि कॅसेट त्याच्या हातात दिली. "आता ही लावा. मग कळेल मी काय म्हणते ते."

त्याने ती डेकमध्ये घातली आणि बटण दाबलं.

तीही चढी लागली. माझी कॅसेट. ज्या कॅसेटवर माझा सा बसला होता ती, माझ्या डोळ्यांदेखत, सीडीच्या सुरात सूर मिळवून वाजत होती. दुकानदार दोन्ही एकदम लावून मान डोलवत होता. "एकदम सेम आहे ना मॅडम."  तेव्हा डोक्यात जे झालं ते असं: सीडी चुकीची नाही. कॅसेट चुकीची नाही. रेडिओवालेही कधी घाईत नव्हते. मग सगळ्या जगात एकच यंत्र उरलं, आणि त्याच्यावर आईचा रुमाल होता.

घरी गेले तर दादा वर्तमानपत्र वाचत होते. आता निवृत्त झाले होते. मी चपलाही न काढता विचारलं, "दादा, तुम्ही आपल्या टेपला कधी काही केलं होतं का?"

"काही नाय," दादा म्हणाले. "चांगला चालतो की."

"आठवून सांगा."

त्यांनी चष्मा काढला. मग त्यांचा चेहरा खुलला. यंत्राची गोष्ट निघाली की त्यांचा तो खुलायचाच. "आगं, लय जुनी गोष्ट हाय. शब्द उतरवून घेताना गाणं पुढं पळायचं. हात पुरंना. मग मी मागून उघडला. मोटारीला बारीक भोक राहतं, आत एक स्क्रू. तो जरा फिरवला का टेप हळू चालतो. मस्त झालं. सगळे शब्द मिळाले."

"आणि मग?"

"मग काय, परत फिरवला."

"होता तिथे?"

दादांनी जरा विचार केला. "अंदाजानं," ते म्हणाले.

मी तिथेच खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. आई आतून आली आणि तिला वाटलं कुणीतरी गेलं. दादा बिचारे विचारत होते, "चुकलं का काय?" मी त्यांना सांगितलं, काही चुकलं नाही दादा, उलट इतक्या वर्षांनी जिवात जीव आलाय. आणि ते खरं होतं. दादांचा स्क्रू केसभर खाली राहिला होता, म्हणून टेप केसभर हळू, म्हणून सूर केसभर खाली, आणि मी लहानपणापासून तोच सूर जगाचा सूर समजून पोसला होता. माझी बोटं घसरत नव्हती. ती घरी जात होती. मी घाबरट नव्हते. मी बेसूर नव्हते. हे मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं, आणि आईने म्हटलं, "कोण म्हणतंय तुला बेसूर?" मी म्हटलं, सगळेच म्हणत होतात की.

राहिली ती कॅसेट, जिच्यावर मी सुरात होते. तिचं कोडं भांडी घासताना सुटलं. माझी गाणी मी त्याच टेपवर भरली होती. म्हणजे भरतानाही टेप हळू फिरला होता. मग ती कॅसेट स्टुडिओच्या चांगल्या डेकवर, योग्य वेगाने लावली की मी जितकी खाली होते तितकीच वर उचलली जाणार. टेपने मला खाली ओढलं आणि स्टुडिओच्या डेकने तितकंच वर नेऊन कीबोर्डशेजारी बसवलं. मालक बरोबर होते, मीही बरोबर होते.

टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी इंदिरानगर गाठलं. मालकांसमोर टेबलावर ठेवला, रुमालासकट. एकच कॅसेट आधी त्यांच्या डेकवर लावली, मग आमच्या टेपवर. मग व्हायोलिन काढलं, खुणांच्या सगळ्या चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या, तारा माझ्या कानाने जुळवल्या आणि टेपबरोबर वाजवलं. मालक ऐकत राहिले. त्यांना गाणं संपायच्या आधीच कळलं होतं, पण त्यांनी संपू दिलं. मग म्हणाले, "ताई, मी तुम्हाला तेव्हा काय विचारलं होतं..."

"आठवतंय," मी म्हटलं. "जन्मभर आठवेल."

"माफ करा."

मला वाटलं होतं हे ऐकलं की मी दोन शब्द सुनावेन. इतकी वर्षं ते तयार ठेवले होते. पण इतकं हायसं वाटत होतं की ते आठवेचनात.

मी म्हटलं, आता मी जगाच्या सुरात वाजवायला शिकेन, किती खाली आहे ते कळलंय तर तेवढं वर चढता येईल. आणि पुढे मी ते शिकलेही; आज दुसऱ्यांच्या कामाला जाते तेव्हा त्यांच्याच सुरात वाजवते, खुणांशिवाय. पण मालकांनी त्या दिवशी मान हलवली. "तुमच्या गाण्यांना नको." त्यांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबून धरलं आणि सूर थोडा थोडा खाली आणायला सुरुवात केली. "तुम्ही तिथेच थांबा. कुठे आहात ते सांगा, मी येतो." मी वाजवत राहिले. कीबोर्ड खाली येत आला, ना काळीवर ना पांढरीवर, दोन पट्ट्यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी, आणि एका क्षणी दोन्ही आवाज एक झाले. मी डोळे मिटले. त्या गॅरेजमध्ये पहिल्यांदाच.

ती सगळी गाणी आम्ही त्याच सुरात भरली. कुठली कंपनी घेणार नव्हती, म्हणून सीडी आम्हीच काढल्या आणि आम्हीच वाटल्या. पेटीवाल्यांच्या शिव्या मात्र खाल्ल्या, कारण त्या सुराची पट्टी पेटीवर नाहीच, त्यामुळे कुणालाच साथ करता येत नाही.

पहिली सीडी घरी आणली त्या संध्याकाळी दादा जेवायला बसले होते. मी काही न सांगता प्लेअरवर लावली. भोंग्याचं गाणं सुरू झालं. दादांचा घास हातात थांबला. ते प्लेअरकडे बघत राहिले, तो नवा, चकचकीत, ज्यावर लावलेलं सगळंच त्यांना आजवर पळतं वाटत आलं होतं. मग त्यांनी मान डोलवली आणि आईला म्हणाले, "हे बघ. यांना घाई नाय."